पाटीवरचा दिवा

दुकानाच्या काचेवर बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली सूचना होती: "येथे कॉम्प्युटर दुरुस्त होतील. टॅब, फोन व इतर खेळणी घेऊन शेजारी जावे." शेजारी चपलांचं दुकान होतं. कधी कधी एखादा भाबडा माणूस खरोखरच टॅब घेऊन तिथे शिरायचा. मग चपलावाला मधल्या भिंतीवर थाप मारून ओरडायचा, "पेचकस, अरे तुझं गिऱ्हाईक!"

पेचकस हे बाबांचं गल्लीतलं नाव. लोकांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला स्क्रू पिळायचा लाल मुठीचा पेचकस. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो आहे, असं आई सांगायची. ऐकणारा हसून सोडून द्यायचा, मग ती फोटो आणून दाखवायची, आणि कोटाच्या खिशातून लाल मूठ डोकावत असायची.

या सूचनेवरून बाबांचं आणि मामाचं कधी पटलं नाही. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, शाळेच्या बसवर ड्रायव्हर. सकाळची फेरी झाली की दुपारच्या फेरीपर्यंत तो दुकानात येऊन स्टुलावर बसायचा आणि मांडीवरचा टॅब उघडायचा.

"भाऊजी, हे बघा. यावर मी पेपर वाचतो, नकाशा बघतो, नातलगांची तोंडं बघतो, गाणी ऐकतो. तुमचा कॉम्प्युटर याहून वेगळं काय करतो? पाणी भरतो का?"

"मेव्हणेबुवा, ती पाटी आहे पाटी."

"पाटी तर पाटी! पण कॉम्प्युटरच आहे ना शेवटी?"

बाबा उघड्या मशीनमधून मान वर काढत नसत. "तू काय करतोस तिच्यावर? मागतोस. ती देते. तू काय काय मागशील ते बनवणाऱ्याने आधीच ठरवून चौकोन मांडून ठेवलेत. बोट लाव आणि घे. अरे, बनवणाऱ्याच्या ध्यानीमनी नव्हतं ते ज्याच्यावर करता येतं, तो कॉम्प्युटर. बाकी सगळ्या पाट्या."

"म्हणजे तुमच्या एकाही गिऱ्हाइकाकडे कॉम्प्युटर नाही म्हणा की! ते कुठे काय नवीन करतात? पत्ते खेळतात दिवसभर."

"ते त्यांचं पाप. त्यात यंत्राचा काय दोष?"

हा वाद ज्यांनी एकदा ऐकला त्यांना तो पाठ होता. लेकीला तर शाळेपासून पाठ. शाळा सुटली की ती दुकानातच अभ्यास करायची. संध्याकाळी बाबा सुटे स्क्रू बरणीच्या झाकणात गोळा करत, काउंटर पुसत, बाहेर जाऊन शटरला हात घालत आणि तिथून हाक मारत, "दिवा!" मग तिने उडी मारून बटण दाबायचं आणि अंधारातून धावत बाहेर यायचं. दुकान बंद करू या, असं बाबा कधी म्हणाले नाहीत. नुसतं "दिवा" म्हणायचे. पुढे लेक मोठी झाली, दूर बंदराच्या गावी नोकरीला लागली, समुद्राच्या तळाचे नकाशे काढू लागली. होड्या खोली मोजून आणायच्या आणि ही त्या आकड्यांमधून पाण्याखालच्या दऱ्या-टेकड्या रेखायची. सुटीत घरी आली की मात्र संध्याकाळी दुकानात जायची आणि तेवढं एक बटण तीच दाबायची.

मग एका सकाळी दात घासताना बाबांच्या हातून ब्रश पडला. "उचल गं" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही.

इस्पितळातून ते परत आले ते चाकाच्या खुर्चीत. उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून राहायचा. डोळे तेच होते. समोरच्याचं बोलणं कळत होतं, निदान बरंचसं. पण आतून शब्द निघायचा तो वाटेतच कुठेतरी हरवायचा, आणि तोंडाशी नुसता वारा यायचा.

त्यांना पुन्हा बोलायला शिकवायला घरी एक बाई येऊ लागल्या. आई त्यांना वाचाबाई म्हणायची. बाई मनाने फार चांगल्या होत्या, घाई करत नसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पिशवीतून एक टॅब काढला आणि बाबांच्या डाव्या हाताखाली ठेवला. त्यावर चौकोन होते. पेल्याचं चित्र दाबलं की आतून एक तरुण, गोड आवाज म्हणायचा, "मला पाणी हवं आहे." उशीचं चित्र: "मला झोपायचं आहे." दाराचं चित्र: "मला बाहेर जायचं आहे." विजेच्या दिव्याची दोन चित्रं होती, एक पिवळं आणि एक काळं: "दिवा लावा", "दिवा बंद करा." प्रत्येक पानावर सगळ्यात खाली मोठाले हो आणि नाही.

मामा तिथेच होता. एवढ्या वर्षांत त्याने वाद जिंकला होता तो हा असा. तो नाक शिंकरायला म्हणून मोरीत गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

बाबांनी पाटीकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड फिरवलं.

"घ्या," आई म्हणाली. "या वयात दुसरी बाई आणलीत घरात. आवाज तरी काय मेलीचा! आता मी काय बोलायचं?"

बाबांच्या तोंडाची डावी बाजू जराशी हलली. आईला तेवढं पुरलं. त्या दिवसापासून ती त्या आवाजाला सवत म्हणू लागली. "थांब गं, सवत बोलावतेय," म्हणून स्वयंपाकघरातून हात पुसत यायची.

बाईंनी एकदा विचारलं, "पूर्वी हे काही गायचे का? शब्द गेले तरी कधी कधी गाणं राहतं."

"गायचे नाहीत," आई म्हणाली. "धरायचे."

आणि खरंच तसं होतं. प्रार्थनेच्या सभागृहात आठवड्याला कथा व्हायची, गाऊन सांगितलेली. पुढे कथेकरी उभा, मागे चार माणसं. बाबा त्या चारांत. पुढचा दमला, श्वास घ्यायला थांबला, की ध्रुवपद उचलून धरायचं. सूर खाली पडू द्यायचा नाही, एवढंच मागच्याचं काम. लोक पुढच्याला बघतात, मागच्याला कोण बघतो? पण मागचा नसेल तर पुढच्याची कथा मध्येच उघडी पडते. ज्यांनी ती एकदा मन लावून ऐकली त्यांना वेगळं सांगायला नको.

आईने हळूच सुरुवात केली. "पाऊल माझे..." आणि बाबांनी डोळे मिटून, घोगऱ्या पण सरळ सुरात, पुढचं धरलं: "...वाट तुझी. पाऊल माझे, वाट तुझी." अख्खी ओळ. एक अक्षर गळलं नाही. रजा घेऊन आलेली लेक भिंतीला टेकून खालीच बसली. मामाने तर हातच जोडले.

"आता नुसतं म्हणा," बाई पुढे सरकून म्हणाल्या. "पाणी. पा—णी."

"पा," बाबा म्हणाले. सगळे श्वास रोखून बघत होते. "पा... पाऊल माझे, वाट तुझी."

पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. आत जे भरलेलं होतं ते एका लयीत बाहेर येत होतं, आणि त्यातला एकेक शब्द सुटा करून हातात द्या म्हटलं तर देता येत नव्हता. तिसऱ्या खेपेला बाबांनी स्वतःच हात वर केला, पुरे म्हणून.

लेक थोड्या दिवसांसाठी म्हणून आली होती. दुकान तिने दुसऱ्याच आठवड्यात उघडलं. काम तिला येत होतं, लहानपणापासून बघितलेलं. आवडायचं असं नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "काका कसे आहेत?" ती म्हणायची, "बरे आहेत. बाबा परत बसले की यातलं सगळं तेच बघतील." बंदराच्या कचेरीतून वरिष्ठ बाईंचा फोन यायचा, "अगं, तुझी खुर्ची मी अडवून धरलीय. पण मला वरून विचारतात. कधी येतेस?" तिचं उत्तर तेच, "बाबा दुकानात परत बसले की निघतेच." आईला तेच, मामाला तेच, चपलावाल्यालाही तेच. बोलता बोलता ते वाक्य गुळगुळीत झालं होतं.

रात्री तिला उंच लाटांची स्वप्नं पडत, असं ती आईला एकदा म्हणाली. आणि मग म्हणाली, "जाऊ दे. चहा टाक."

एके सकाळी ती खुंटीवरच्या दुकानाच्या किल्ल्या काढत होती आणि मागून सवत बोलली, "दिवा बंद करा."

तिने वर बघितलं. दिवा लागलेला नव्हता. लख्ख ऊन आत आलेलं. "नाहीये बाबा दिवा लावलेला. पाणी हवंय का?"

"नाही. दिवा बंद करा."

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. किल्ल्या वाजल्या की डावं बोट पाटीवर. आईने ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून पडदा ओढला. मग दुसरा ओढला. फ्रिजच्या मागचा बारीक लाल ठिपकासुद्धा तिने कागद चिकटवून झाकला. घरात भर सकाळी तिन्हीसांज झाली आणि त्या अंधारात बाबांनी पुन्हा बोट ठेवलं.

"दिवा बंद करा."

"आता काय सूर्यावर गोणपाट टाकू?" आई म्हणाली आणि लगेच पदराने तोंड दाबून घेतलं.

लेक शेवटी दुरुस्तीवाल्याची लेक. तिला वाटलं, दोष यंत्रात असणार. काळ्या दिव्याच्या शेजारीच पाण्याचा पेला होता. बोट पेल्यावर पडतंय आणि काच ते शेजारी धरतेय, असं होतं कधी कधी. तिने पाटी दुकानात नेली, काच पुसली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बोट ओढून पाहिलं. काच चोख होती. तरी तिने चौकोनांची जागा बदलली. पेला वर नेला आणि काळा दिवा पार शेवटच्या पानावर, कोपऱ्यात टाकला, जिथे चुकूनही बोट जाणार नाही.

सकाळी तिने किल्ल्या घेतल्या. बाबांचं बोट जुन्या जागी गेलं. तिथे आता उशी होती. ते थांबले. मग पान सरकवायला सुरुवात केली. डाव्या हाताला ती सवय नव्हती, पान निम्मं सरकून परत यायचं. कपाळावर घाम आला. लेक किल्ल्या हातात धरून बघत उभी होती. शेवटचं पान आलं. बोट कोपऱ्याशी गेलं.

"दिवा बंद करा."

ती दार ओढून निघून गेली. त्या दिवशी दुकानात तिने एका मशीनचा एकच स्क्रू काढला आणि घातला, काढला आणि घातला.

त्या आठवड्यात वाचाबाईंनी वही मिटून दोघींना स्वयंपाकघरात बोलावलं. "मी स्पष्ट बोलते, वाईट वाटून घेऊ नका. दिवसाढवळ्या दिवा बंद करा म्हणतात. म्हणजे नुसते शब्द गेले नाहीत, समजण्यातही गोंधळ असावा. एवढे चौकोन त्यांना जड होतायत. पुढच्या खेपेला असंच दिसलं तर आपण बाकीचे काढून टाकू. हो आणि नाही, दोनच ठेवू. त्यांना शांत वाटेल."

"म्हणजे जे थोडं बोलतायत तेही काढून घ्यायचं?" आईने विचारलं.

"ते बोलणं नाहीये आई," बाई हळू म्हणाल्या. "नुसतं बोट लागतंय."

बाई गेल्यावर लेक उठली ती तडक दुकानात गेली आणि बाबांचा जुना कॉम्प्युटर मामाच्या मदतीने घरी घेऊन आली. जड पडदा, जाड कळांचा कीबोर्ड, कळांवरची अक्षरं बाबांच्या बोटांनी झिजलेली. "पाटीत दम नाही," ती धापा टाकत म्हणाली. "बाबा स्वतःच सांगायचे ना? दुसऱ्याने मांडलेल्या चौकोनांत माणूस काय बोलणार? याच्यावर बोलतील. हाच त्यांचा."

मामा वाकून वायरी जोडू लागला.

मशीन सुरू झालं. पंख्याची ओळखीची घरघर खोलीत भरली तशी बाबांनी मान वर केली. लेकीने त्यांचा डावा हात कळांवर ठेवला. त्यांनी बोटांनी कळा चाचपल्या, जुनं दार माणूस चाचपतो तशा. मग दाबायला लागले. एकेक कळ, विचार करून. पडद्यावर अक्षरं उमटत गेली. सगळे वाकून बघत होते. शब्द होत नव्हता. अक्षरामागे अक्षर, ओळ भरली, पण त्यातून काही उभं राहत नव्हतं. बाबा थांबले. लिहिलेलं बघितलं. ते चूक आहे हे त्यांना दिसत होतं; बरोबर काय ते सापडत नव्हतं. त्यांनी सगळं पुसलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तसंच. मग मनगटाने कीबोर्ड हळूच दूर लोटला. आदळला नाही. एखाद्याचा निरोप घ्यावा तसा लोटला.

खोलीत पंखा तेवढा घरघरत राहिला. यंत्र खरं असून काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी आई भाजी निवडत बसली होती. लेक समोर.

"मी एक सांगू का?" आई म्हणाली. "कथेकरी सगळी पदं कुठे स्वतःची म्हणतो? दुसऱ्याचीच असतात. कोणी कधी, कुठल्या दुःखात केलेली, देवाला ठाऊक. पण ज्याच्या घरात नुकतं कोणी गेलंय त्याच्याकडे बघून तो ते पद म्हणतो, तेव्हा ऐकणारा रडतो ना? शब्द दुसऱ्याचे, पण सांगणं याचं. हे आयुष्यभर त्या कथेकऱ्याच्या मागे उभे राहिले. त्यांना एवढं कळत नसेल?"

लेकीने एक जुडी पुढे ओढली.

"किल्ल्या वाजल्या की म्हणतात. तू दिसलीस की म्हणतात. मला एकटीला कधी म्हणत नाहीत." आईने देठ मोडला. "तुला कळलंय गं. मला केव्हापासून वाटतंय, तुला कळलंय."

"मला काही कळलेलं नाही," लेक म्हणाली. फार जोरात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाबांना दुकानात घेऊन गेली. आई बरोबर होती, मामा खुर्ची ढकलत होता. मामा वाटेत उगाच बडबडत होता, "भाऊजी, तुमच्या दुकानात तुम्हालाच पाहुणे म्हणून नेतोय बघा." चपलावाला दारात येऊन उभा राहिला आणि त्याने मानेने नमस्कार केला.

लेकीने सगळे दिवे लावले होते. काउंटर पुसून ठेवलेलं, स्क्रू झाकणात, मशीनं ओळीने. बघितलं की बाबांना बरं वाटेल, उभारी येईल, असं तिने मनाशी धरलं होतं. बाबांनी सगळीकडे नजर फिरवली. काचेवरची सूचना आतून उलटी दिसत होती, तीही वाचली. मग मांडीवरच्या पाटीचं शेवटचं पान काढलं.

"दिवा बंद करा."

"उजेड जास्त होतोय का?" लेकीने घाईने एक दिवा मालवला. "आता ठीक?"

"नाही. दिवा बंद करा."

तिने दुसरा मालवला. काउंटरवरचा एकच राहिला. बाबा तिच्याकडे बघत होते. तिला बटणापाशी उडी मारून पोचणारी आपली लहानपणची उंची आठवली. हात बटणावरच राहिला.

"बाबा," तिने विचारलं, "दुकान कायमचं बंद करायचं म्हणताय?"

बोट खाली सरकलं. "हो."

"तुम्ही परत बसणार आहात ना इथे? मग?"

बाबांनी लगेच काही दाबलं नाही. कधी कधी त्यांचं बोट चुकायचं, 'हो'च्या जागी 'नाही'वर पडायचं. म्हणून की काय, त्यांनी आधी हात उचलला, नीट बघितलं, आणि मग ठेवला.

"नाही."

"चुकून लागलं. पुन्हा दाबा."

"नाही," सवत म्हणाली. तिचा आवाज तसाच गोड, तसाच तरुण. "नाही."

मामा खुर्चीचा दांडा धरून खाली बघत होता. आई स्टुलावर बसली. लेक काउंटरच्या आत होती, तिथून बाहेर आली आणि बाबांच्या पुढ्यात जमिनीवर बसली. किती दिवस ती आल्या-गेल्याला जे सांगत होती ते आता तिच्याकडे राहिलं नव्हतं. बाबा परत बसणार नव्हते. हे त्यांना तिच्याआधी कळलं होतं, आणि ते एकट्याने कळून घेऊन, ते दुसऱ्याच्या शब्दांत सांगायला त्यांना एवढे दिवस लागले होते.

"मग मी काय करू?" ती म्हणाली.

बाबा पाटी चाळू लागले. पाणी, उशी, औषध, दुखतंय. तिथे जे होतं ते सगळं आजाऱ्याने स्वतःसाठी मागायचं. आजाऱ्याला दुसऱ्याला काही द्यायचं असेल, कोणाला पुढे पाठवायचं असेल, असं मांडणाऱ्याच्या मनात आलंच नव्हतं. ते एका पानावरून दुसऱ्यावर गेले, परत आले. दाराच्या चित्राशी थांबले. दाबायला गेले आणि बोट मागे घेतलं. मग पाटी तशीच मांडीवर सोडून त्यांनी डावा हात पुढे केला, लेकीचा हात धरला, तिची मूठ सोडवली, तिचं एक बोट सरळ केलं आणि ते दारावर टेकवलं.

"मला बाहेर जायचं आहे."

तिने बोट झटकन ओढून घेतलं. त्यांनी पुन्हा धरलं. पुन्हा तिचंच बोट, पुन्हा तेच चित्र.

"मला बाहेर जायचं आहे."

"नाही बाबा," ती रडायला लागली. "मी नाही म्हटलं असं. मी कधी म्हटलं?"

"हो," त्यांनी दाबलं. आणि तिचं बोट मग बराच वेळ सोडलं नाही.

आई उठली नाही, जवळ आली नाही. स्टुलावर बसून तिने डोळे मिटले होते, ओठ हलत होते. देवाकडे काय मागत होती, की काही मागायचं सोडून देत होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

मामाला हे झेपेना. घसा खाकरून तो म्हणाला, "भाऊजी, जे मांडणाऱ्याच्या ध्यानीमनी नव्हतं ते तुम्ही आत्ता करून दाखवलंत. आता तरी म्हणा. कॉम्प्युटर आहे की नाही हा?"

बाबांनी मान वळवून मेव्हण्याकडे बघितलं. मग मांडीवरच्या काचेकडे. खरोखर विचार केला. तोंडाची डावी बाजू उचलली गेली.

"नाही," सवत म्हणाली.

मामा हसला, आणि हसता हसता त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

लेकीने डोळे पुसले. झाकणातले स्क्रू बरणीत ओतून झाकण घट्ट लावलं. काउंटर पुन्हा एकदा पुसलं, पुसायची गरज नसताना. बाबांच्या खिशात लाल मुठीचा पेचकस आईने सवयीने घालून आणला होता. तो तिरका झाला होता, तो तिने सरळ केला. मग भिंतीपाशी गेली आणि शेवटचं बटण दाबलं.

अंधार झाला. पण पुरता झाला नाही.

"दिवा बंद करा," बाबांच्या दिशेने आवाज आला.

तिने आजूबाजूला बघितलं. एकही दिवा राहिला नव्हता. मग दिसलं. बाबांची हनुवटी, नाक, एक डोळा पाटीच्या निळसर उजेडात दिसत होता. तेवढाच राहिला होता. पाटी विझवली की घरी जाईपर्यंत ते हो म्हणू शकणार नव्हते, नाही म्हणू शकणार नव्हते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बोट उचलून हात मांडीवर ठेवला होता, काम झाल्यासारखा.

तिने कडेची कळ दाबली.

आणि त्याच वेळी मधल्या भिंतीवर पलीकडून थाप पडली. चपलावाल्याला काय माहीत? कोणीतरी टॅब घेऊन त्याच्या दुकानात शिरलं असणार, आणि बऱ्याच दिवसांनी पेचकसला आत गेलेला पाहिल्यावर जुनी हाक त्याच्या तोंडून आपसूक निघाली होती.

"पेचकस! अरे, तुझं गिऱ्हाईक!"

अंधारात बाबांचं बोट काचेवर टेकल्याचा बारीक आवाज आला. एकदा. पुन्हा एकदा. काच काळीच होती. लेकीचा हात अजून त्या कळेवर होता. दिवा बंद करा, असं त्यांनीच म्हटलं होतं; तिने ती पुन्हा दाबली नाही.

पलीकडचा माणूस थोडा वेळ वाट बघत असावा. दुसरी थाप पडली नाही.